लोपलेला समुद्र आणि उंचावलेला हिमालय

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रात सापडणाऱ्या या काळ्या दगडावर चक्राची जी आकृती दिसते, ती कोणा कारागिराने कोरलेली नसते. ॲमोनाइट नावाच्या, शंखासारखे कवच असलेल्या सागरी प्राण्याचा तो ठसा होय. हे प्राणी सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहत होते. आपल्या श्रद्धेला यामुळे बाध येत नाही. परंतु एक प्रश्न मात्र उभा राहतो. समुद्रातील जीवांचे अवशेष हिमालयात आले कोठून? एव्हरेस्टच्या माथ्यावरील खडकसुद्धा चुनखडीचा असून त्यातही सागरी जीवांचे अवशेष आढळले आहेत. पाणी काही ८,८४८ मीटर उंच चढले नव्हते. तेव्हा समुद्राचा तळच वर उचलला गेला, असे मानणे भाग पडते.

हे कसे घडले, याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली असे प्रतिपादन केले की, आजची खंडे एके काळी एकत्र होती व पुढे ती एकमेकांपासून दूर सरकली. खंडे कोणत्या बळाने सरकतात, हे मात्र त्यांना समाधानकारकपणे सांगता आले नाही आणि बहुतेक विद्वानांनी त्यांचे मत बाजूस सारले. १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा अंत झाला. पुढे महासागरांच्या तळाची पाहणी झाली, तेव्हा समुद्राखाली हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा असल्याचे दिसून आले. या रांगांच्या मध्यभागी तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि त्यापासून नवा सागरतळ तयार होतो, असे अमेरिकेचे हॅरी हेस यांनी १९६२ साली मांडले. यातूनच भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला.

हा सिद्धांत थोडक्यात असा: पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते काही मोठ्या व अनेक लहान तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांच्याखालचा खडक घन असला, तरी अतिउष्ण असल्यामुळे फार मंद गतीने वाहतो. भूपट्ट जेथे दूर जातात, तेथे नवा सागरतळ निर्माण होतो; जेथे एकमेकांवर येतात, तेथे जड असा जुना सागरतळ खाली बुडतो. म्हणून खंडांवर ३०० कोटी वर्षांहून जुने खडक सापडतात. उलट आजचा जवळजवळ सर्व सागरतळ २० कोटी वर्षांच्या आतला आहे. समुद्र जन्मतात, रुंदावतात आणि मिटूनही जातात.

आपल्या देशाच्या उत्तरेस असाच एक समुद्र होता. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी त्याला ‘टेथिस’ हे नाव दिले. त्याच्या पलीकडे आशिया खंड होते. अलीकडे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकत्र जोडलेले होते. या विशाल भूखंडास गोंडवनभूमी म्हणतात. हे नाव आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे आपल्या गोंडवनी कोळशाच्या थरांत मिळतात आणि या सर्व खंडांतही मिळतात. त्यांच्या पुरातन एकत्वाचा याहून बोलका पुरावा कोणता?

पुढे ही भूमी दुभंगली. भारत व मादागास्कर हे प्रथम आफ्रिकेपासून आणि सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकापासून सुटले. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही वेगळे झाले. त्या वेळच्या ज्वालामुखीचे खडक कर्नाटकातील मलपे गावासमोरच्या सेंट मेरी बेटांवर आजही पाहावयास मिळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या घडणीचा आरंभ या ताटातुटीत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत वाटेवर असतानाच, लाव्हारसाचे प्रचंड लोट वाहून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. सह्याद्री त्यातच कोरला गेला. या पाषाणाची दक्षिणेकडील कड आपल्या सत्तरी तालुक्याच्या घाटमाथ्यापर्यंत आलेली आहे.

भारताचा उत्तरेकडील प्रवास एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने होत होता. हा वेग क्षुल्लक वाटेल. परंतु या हिशेबाने १ कोटी वर्षांत १,५०० किलोमीटर अंतर तोडले जाते. भारत पुढे सरकत होता आणि टेथिसचा तळ आशियाखाली बुडत होता. अखेर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंडे एकमेकांस भिडली. खंडांचा खडक हलका असल्याने तो सागरतळाप्रमाणे सहज बुडेना. दुधावरची साय बोटाने लोटली असता तिला सुरकुत्या पडतात, तद्वत भूकवचाला वळ्या पडल्या, थरांवर थर चढले आणि हिमालय उभा राहिला. तिबेटखाली भूकवचाची जाडी सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे खंडांच्या सर्वसाधारण जाडीच्या जवळजवळ दुप्पट झाली. लडाखात सिंधूच्या खोऱ्यालगत टेथिसच्या तळाचे तुकडे आजही दिसतात. दोन खंडांना जोडणारी ती जणू शिवण आहे.

मंडळी, ही केवळ प्राचीन काळची कथा नाही. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. हा रेटा खडकांत साठत राहतो आणि खडक एकाएकी सरकला की भूकंप होतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात तेच घडले. हिमालय आपणांपासून दूर आहे, हे खरे. परंतु हा दाब सबंध भूपट्टात पसरलेला असतो आणि जुन्या भेगांपाशी कधी तरी मोकळा होतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर स्थिर समजला जात असे. तेथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड धाबे, हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली.

भूकंपाचा दिवस आधी सांगण्याचे साधन अद्याप कोणापाशी नाही. घर कसे बांधावे, हे मात्र आपल्या हाती आहे. दगडाच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावेत. चिऱ्याची असो वा दगडाची, दारेखिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधणारा लोखंडी सळ्यांचा सलग काँक्रीट पट्टा असावा. कोपरे भक्कम सांधावेत, छप्पर हलके ठेवावे व ते भिंतींना नीट जखडावे. शाळा, दवाखाने आणि पंचायतीच्या इमारती यांना मंजुरी देताना अधिकाऱ्यांनी या गोष्टी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहाव्यात. पट्ट्याचा खर्च इमारतीच्या एकंदर खर्चापुढे अल्प असतो. मुलांनीही हादरा बसताच मजबूत मेजाखाली शिरून डोके झाकण्याचा सराव करावा.

जमीन अचल आहे, असे समजून आपण पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली. ती चालते, हे आता आपणांस ठाऊक झाले आहे. या ज्ञानाने भिण्याचे कारण नाही. त्याप्रमाणे बांधकाम सुधारणे एवढेच आपले कर्तव्य आहे.