मत मोजून द्या

फेब्रुवारी १९४६ ची गोष्ट ऐका. मुंबईत नाविकांनी बंड केलं. काँग्रेस, लीग आणि लाल बावटा, तिन्ही झेंडे एकत्र फडकवले. आम्ही गिरणीवाले त्यांच्यासाठी संपावर गेलो. परळला गोळीबार झाला. गोळीनं कुणाचा धर्म विचारला नाही.

त्याच दिवसांत प्रांतोप्रांती निवडणुका चालल्या होत्या. मुसलमानांचे मतदारसंघ १९०९ च्या कायद्यापासून वेगळे. देशातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना मतच नव्हतं. ज्यांना होतं, त्यांच्यापुढे भाकरीचा हिशेब कुणी मांडला? धर्म धोक्यात, एवढीच आरोळी! सप्टेंबरात याच मुंबईत सुरे निघाले. साच्यावर शेजारी उभे राहणारे आम्ही, एकमेकांच्या गल्लीत जायला भ्यायलो. आम्हीही भुललो, हे कबूल केलं पाहिजे.

१९४७ साली, पूर्वी कधी हिंदुस्थानात न आलेल्या रॅडक्लिफसाहेबानं पाच आठवड्यांत सरहद्द आखली. कोटीवर माणसं घरादाराला मुकली.

बंधूंनो, पगार हातात पडला की आपण दोनदा मोजतो, कापलेल्या पैशाचा जाब विचारतो. मत काय पगाराहून स्वस्त आहे? राग आला तर आधी विचारा, हा पेटवला कुणी, आणि शेकतो कोण?

कामगार एकजुटीचा विजय असो!