हृदयाभोवतीची चरबी आणि अवमौदर्याचा विचार
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यान)



हृदयविकार हा स्थूल माणसाचा आजार आहे, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. शाकाहारी, निर्व्यसनी आणि अंगाने सडपातळ असलेला गृहस्थ या बाबतीत निर्धास्त असतो. उदगीरच्या मोंढ्यात दिवसभर गादीवर बसून व्यवहार पाहणारा व्यापारी असो वा घरची गृहिणी असो, वजनाचा आकडा बेताचा दिसला की चिंता मिटते. परंतु शरीरातील चरबी किती, यापेक्षा ती कोठे साठली आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे आधुनिक वैद्यक सांगते.

हृदयाभोवती पिशवीसारखे आवरण असते. या आवरणाच्या आत, हृदयाच्या स्नायूला लागूनच चरबीचा एक थर असतो. त्याला एपिकार्डिअल चरबी म्हणतात. हा थर आणि हृदयस्नायू यांच्यामध्ये कोणताही पडदा नसतो. दोहोंना एकाच रक्तवाहिन्यांतून पोषण मिळते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिण्या याच थरातून जातात. निरोगी अवस्थेत ही चरबी उपकारकच असते. ती हृदयाला इंधन पुरवते, रोहिण्यांना आधार देते आणि संरक्षक द्रव्येही स्रवते.

हाच थर प्रमाणाबाहेर वाढला की त्याचा स्वभाव पालटतो. 2003 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या हृदयावरील चरबीत, त्यांच्याच पायाच्या त्वचेखालील चरबीपेक्षा दाह निर्माण करणारी द्रव्ये अधिक असल्याचे त्यात आढळले. पडदा नसल्यामुळे ही द्रव्ये थेट रोहिणीच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकतात. रोहिणीचा जो भाग स्नायूच्या आत शिरलेला असतो, तेथे सहसा अवरोध आढळत नाही. चरबीने वेढलेल्या भागात मात्र तो होतो. याला अन्य कारणेही असू शकतात, तथापि ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराशीही या चरबीचा संबंध दिसून आला आहे.

सडपातळ देहातील चरबीचे रहस्य उलगडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्यानजीकच्या 6 खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे 3.5 किलो. पुण्याची बाळे लहान व कृश असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची आणि वजन यांचा मेळ सांगणारा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! काट्याचे माप सारखे, पण आतला माल वेगळा, हे व्यापारी समाजाला वेगळे समजावून सांगावयास नको.

52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने आणखी एक गंभीर बाब पुढे आणली. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा साधारण 6 वर्षे लवकर, म्हणजे सरासरी 53व्या वर्षी येत होता. ऐन कर्तेपणाच्या वयात घराचा आधार कोसळतो, याचा हा अर्थ.

हृदयावरील चरबी सोनोग्राफीसारख्या इको तपासणीने किंवा सीटी स्कॅनने मोजता येते. परंतु प्रत्येकाने ही तपासणी करण्याचे कारण नाही. शिंप्याची टेप पुरेशी आहे. पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा 80 सेंटीमीटरच्या आत असावा. पोटाच्या आत चरबी साठते तेव्हा हृदयावरही ती बहुधा वाढलेली असते. वजन उतरवल्याने व नियमित व्यायामाने हा थर कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते, आणि पुढे रसपरित्याग. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, तूप, तेल, साखर व मीठ यांवर संयम ठेवणे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे हे संस्कार समाजात पूर्वापार आहेत. त्यांचे प्रयोजन कर्मनिर्जरा हेच होय. आरोग्य हे त्यांचे आनुषंगिक फळ. परंतु पर्युषणात उपवास आणि पारण्याला तळलेल्या पदार्थांची व मिष्टान्नांची रेलचेल, असे घडले तर हे फळ हाती लागत नाही. वात्सल्यभोजनाच्या पंगतीतही एक पक्वान्न कमी झाल्याने वात्सल्य कमी होत नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

छातीत दडपण, दम लागणे, घाम फुटणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ येणे, ही लक्षणे दिसताच 'पित्त झाले असेल' म्हणून वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. ते जपण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात घरोघरी व्हावा, हीच सदिच्छा. जय जिनेंद्र!