वाळूची जमीन आणि न निचरणारे पाणी

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

वाळूमिश्रित जमिनीत पाण्याचा निचरा उत्तम होतो, हे विधान शालेय भूगोलापासून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत निर्वेधपणे प्रवास करीत आलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. वाळूच्या जमिनीत पाणी ताशी 30 मिलिमीटरहून अधिक वेगाने मुरते, तर चिकणमातीत हाच वेग 1 ते 5 मिलिमीटर एवढाच असतो. परंतु ही झाली पाणी आत शिरण्याची गती. निचरा म्हणजे आत शिरलेले पाणी मुळांच्या थरातून बाहेर निघून जाणे, आणि ते केवळ मातीच्या कणांवर अवलंबून नसते. बादलीत वाळू भरून वर पाणी ओतले तर ते क्षणात तळाशी पोहोचते. बादलीला छिद्र नसेल तर मात्र तेथेच राहते. ज्या सपाट प्रदेशात भूजलाची पातळी उथळ आहे, किंवा खाली चिकणमातीचा अथवा कठीण थर आहे, तेथील वाळूची जमीन या बादलीसारखीच वागते.

केरळच्या आलप्पुळा व कोल्लम जिल्ह्यांतील ओणाट्टुकरा हा किनारी प्रदेश याचे ठळक उदाहरण होय. जमीन वाळूची, सेंद्रिय द्रव्य अत्यल्प, आणि तरीही पावसाळ्यात शेते पाण्याखाली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 1989 साली ‘राज्य मृदा’ म्हणून मान्यता दिलेली मायाका मृदाही अशीच: बारीक वाळूची, सपाट प्रदेशातील, निचऱ्याने दुर्बळ.

अशा जमिनीची लक्षणे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावीत, कारण त्यांत एक विसंगती आहे. पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे रासायनिक रूप बदलते, तांबडा रंग जाऊन करडी छटा येते आणि तीत तांबूस-पिवळे ठिपके दिसू लागतात. नत्र दोन्ही बाजूंनी नष्ट होते. काही वायुरूपाने उडून जाते, काही पाण्याबरोबर वाहून जाते, कारण अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती वाळूत फारशी नसते. म्हणूनच येथे खताची मात्रा एकदम न देता विभागून द्यावी लागते. पुढे भूजल खाली गेले की केशाकर्षणाने वर चढणारे पाणीही तुटपुंजे पडते. एकाच शेताला पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात अवर्षण, असे दुहेरी दुखणे जडते. ओणाट्टुकऱ्यातील शेतकऱ्याने यावर काढलेला तोडगा मार्मिक आहे: भाताची दोन पिके आणि त्यानंतर उरल्यासुरल्या ओलाव्यावर तीळ.

बंगळुरू हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर, पठारावर वसलेले आहे. येथे जमीन बुडण्याचा प्रश्न उद्भवू नये, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. शहराच्या माथ्यावर तांबडा, वाळूमिश्रित पोयटा आहे. खोलीबरोबर त्यात चिकणमातीचे प्रमाण वाढत जाते. पश्चिमेचे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीकडे, तर पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे उतरते. पूर्वेकडील उतार मंद आहे. या मंद उतारावर पूर्वजांनी एकाखाली एक तलाव बांधले आणि वरच्याचा सांडवा खालच्यात सोडला. बांधाखालच्या सखल पट्ट्यात पाझराचे पाणी असे, म्हणून तेथे भात पिके. शहाजीराजांना 1638 नंतर जहागीर म्हणून मिळालेले बंगळुरू हे असे तलावांचे आणि भातखाचरांचे होते.

कर्नाटकाच्या महसुली दप्तरात जमिनीचे वर्ग आहेत खुश्की, तरी आणि बागायत. खुश्की म्हणजे आपली जिरायत. तरी म्हणजे भाताची ओली जमीन. वरवर पाहता ही शेतसाऱ्याची सोय. वस्तुतः ती निचऱ्याची नोंद होती. शेतीत तरी जमिनीचे मोल अधिक, कारण पाणी तेथे थांबते. घर बांधावयाचे तर तोच गुण दोष ठरतो. बाजारात हा उलटफेर किमतीतून दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात जमीन बिगरशेती झाली की दोन्ही वर्ग पुसले जातात आणि उरतो तो चौरस फुटांचा दर. ‘भूमी’ प्रकल्पाने सुमारे 2 कोटी जमीन-नोंदींचे संगणकीकरण केले, ही मोठीच कामगिरी. पण ती शेतजमिनीची. शहरातील मालमत्तेच्या ‘खात्या’चा संबंध मुख्यतः कराशी असतो. विकणाऱ्यास ठाऊक असलेली गोष्ट घेणाऱ्यास कळत नाही. अर्थशास्त्रात ज्यास माहितीची विषमता म्हणतात, तिचे याहून साधे उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा दोष बाह्य परिणामांचा. सखल जागेचा मालक भर घालून आपला भूखंड उंच करतो आणि पाणी शेजाऱ्याकडे वळते. शेजारीही तेच करतो. सपाट प्रदेशात निचरा एकट्याच्या आवाक्यातील वस्तू नसते. त्यास सामाईक वाट लागते, आणि येथे ती वाट म्हणजे ‘राजकालुवे’, अर्थात तलावांना जोडणारे नाले. हे नाले अरुंद झाले, काही तलावही गेले. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आले. कोरमंगल तलावाच्या जागी 1997 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले. सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूर परिसरातील महागड्या वसाहतींतून रहिवाशांना ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले. पाऊस जबर होता खरा, परंतु सप्टेंबर हा बंगळुरूचा नेहमीचाच सर्वाधिक पावसाचा महिना आहे.

तलावरक्षणासाठी 1985 साली लक्ष्मण राव समिती नेमली गेली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये तलावाभोवती 75 मीटरचा मोकळा पट्टा ठेवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो रद्द केला. वाद मीटरांचा राहिला. काठापासून मोजलेले अंतर उतारावरच्या खुश्कीला आणि बांधाखालच्या तरीला एकच मानते, ही त्यातील उणीव दोन्ही निर्णयांच्या चर्चेत मागेच पडली.

महसुली शेरा पुसला गेला तरी मातीतील करडे ठिपके दीर्घकाळ टिकतात. जेथे वरून भर घातली आहे, तेथेही खाली ते सापडू शकतात. पाया खणताना मजुराच्या फावड्याला ते दिसतात. विक्रीपत्रात मात्र सहसा येत नाहीत.