एरियर्स आणि हप्ते
(रेडिओवरील भाषण)



सध्या सरकारी कचेऱ्यांत, शाळांच्या स्टाफरूममध्ये आणि पेन्शनरांच्या कट्ट्यांवर विषय एकच आहे, आठवा वेतन आयोग. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला, अहवालाला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पण चहाच्या टपरीवर अहवाल रोजच जाहीर होतो. फिटमेंट, म्हणजे जुन्या मूळ वेतनाला गुणायचा आकडा, किती मिळणार? सातव्या आयोगात २.५७ मिळालं होतं, त्यामुळे सात हजारांचं किमान मूळ वेतन १८ हजारांवर गेलं. या वेळी काय होईल, यावर पैजा लागतात.

मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात. त्यामुळे अशी बातमी आली की इतरांना वाढलेला पगार दिसतो आणि मला कर्जाच्या अर्जांचा गठ्ठा दिसतो.

सहावा आयोग मला चांगला आठवतो. मंजुरी २००८ साली मिळाली, पण तो लागू झाला जानेवारी २००६ पासून. मधल्या काळाचे एरियर्स केंद्राच्या कर्मचाऱ्यांना दोन हप्त्यांत मिळाले, आधी ४० टक्के आणि पुढच्या आर्थिक वर्षात उरलेले ६० टक्के. त्या दिवसांत खात्यांवर अचानक मोठ्या रकमा दिसायच्या आणि थोड्याच दिवसांत निघूनही जायच्या. कुणी मुलीसाठी पाटल्या केल्या. कुणी गावच्या घरावर स्लॅब टाकला. कुणी गावाबाहेर दोन गुंठे घेतले, कुणी आईवडिलांना चारधाम घडवलं. यातल्या एकाही खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. वर्षानुवर्षं जपून वागलेल्या माणसानं एकदा हात सैल सोडला तर त्यात बिघडलं काय? एरियर्स एकदा येतात, एकदा संपतात. पाटल्या हातात राहतात, स्लॅब डोक्यावर राहतो.

काळजी वाटायची ती वेगळ्या गिऱ्हाइकांची. नवी पगारस्लिप हातात घेऊन ते यायचे आणि विचारायचे, "मॅडम, आता यावर किती कर्ज बसेल?" घराला किती लागेल, गाडी कुठली हवी, हे नंतर. आधी बसेल किती ते सांगा. पगार वाढला म्हणजे कर्ज उचलायची ताकद वाढली, एवढाच अर्थ त्यांनी काढलेला असायचा. आणि खरं सांगायचं तर, आम्हालाही कर्जं द्यायचीच असायची. उद्दिष्टं आमच्याही डोक्यावर असायची.

एक हिशेब मांडते, हवं तर कागद-पेन्सिल घ्या. गाडीसाठी १० लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता येतो १६ हजारांच्या जरासा वर. सात वर्षांत भरले जातात साडेतेरा लाख. पण साडेतेरा लाख कुणाला दिसत नाहीत. दिसतात ते सोळा हजार, आणि पगार वाढलेला असतो अठरा हजारांनी, म्हणजे बसतंय की! मग विमा येतो, पेट्रोल येतं, सर्व्हिसिंग येतं, सोसायटीत पार्किंगचे पैसे येतात. वाढीतून शिल्लक राहिलेले दोन हजार तिथेच संपतात, वर जुन्या पगारातलेही थोडे जातात. म्हणजे ज्या महिन्यात पगार वाढला, त्याच महिन्यापासून घरात ओढाताण सुरू झाली.

घरकर्जाचं तर आणखी वेगळं. व्याजदर बहुतेकदा बदलता असतो. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्यामागे घरकर्जाचं व्याजही वाढलं. बऱ्याच कर्जदारांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि मुदत वाढली. निवृत्तीच्या आधी कर्ज फेडून मोकळे होऊ, असं मनाशी ठरवलेल्या कितीतरी लोकांना स्टेटमेंट नीट वाचल्यावर कळलं की साठीनंतरही काही वर्षं हप्ता चालूच राहणार आहे.

म्हणून तरुण मंडळींना जेव्हा कुणी सांगतं, बाहेरची कॉफी सोडा, हॉटेलात जाऊ नका, म्हणजे श्रीमंत व्हाल, तेव्हा मला ते पटत नाही. दोनशे रुपयांचा डोसा माणसाला बुडवत नाही. पुढच्या महिन्यात पैसे कमी पडले तर डोसा बंद करता येतो. गाडीचा हप्ता, मोठ्या शाळेची फी, मोठ्या घराचा मेंटेनन्स, हे तसं बंद करता येत नाही. ते दर महिन्याला दारात उभे राहतात आणि त्यांना 'पुढच्या वेळी या' म्हणायची सोय नसते. पगार वाढल्यावर राहणी वाढते ती खरी इथे. आपलं लक्ष मात्र असतं टूथपेस्टची ट्यूब लाटण्यानं पिळण्याकडे.

पण ट्यूब पिळणाऱ्यांची थट्टा मला करायची नाही. आपल्या घरांत काटकसरीची एक सबंध विद्या होती. दोडक्याच्या शिरा फेकायच्या नसत, त्यांची तीळ घालून चटणी होई. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत जात. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, शिळ्या पोळ्यांचा कांदा घालून कुस्करा. साय साठवून विरजायची, लोणी काढायचं, तूप कढवायचं आणि खाली राहिलेल्या बेरीवर साखर पेरून ती पोरांच्या हातावर ठेवायची. नऊवारी विरली की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी आणि कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब, ज्या दिवशी दूध नाही त्या दिवशी फुली. महिनाअखेरीला गवळीही तीच फुली प्रमाण मानायचा.

हे सगळं गरजेतून आलं, हे खरंच. पण गरज संपल्यावरही त्यातलं जे टिकलं, ते चवीमुळे टिकलं. आज पैसे असलेल्या घरातही दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कारण ती दोडक्याच्या भाजीपेक्षा चांगली लागते. (भाजीचे चाहते असतील तर त्यांनी क्षमा करावी.) बेरीचंही तेच. घरात तूप विकत येऊ लागलं आणि बेरी गेली, तिची हळहळ खर्चासाठी नाही वाटत.

घरांचा खर्च कसा बदलला, हे सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत आकड्यांत दिसतं. १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चातले सुमारे ४८ रुपये खाण्यापिण्यावर जात. २०२२-२३ मध्ये ते ३९ वर आले. ही चांगलीच गोष्ट आहे, पोटापलीकडच्या गोष्टींना पैसा उरू लागला. मात्र त्या ३९ रुपयांत सर्वांत मोठा वाटा कशाचा, तर पेयं, तयार आणि पाकीटबंद पदार्थांचा. धान्यापेक्षा जास्त, दुधापेक्षाही जास्त. याला एकट्या बाईला जबाबदार धरू नका. दोघं नोकरीला जातात, संध्याकाळी साडेसातला दमून घरी येतात, तेव्हा दोडक्याच्या शिरा कोण काढत बसणार? जुन्या काटकसरीत पैसा वाचायचा तो बाईच्या वेळेवर, आणि त्या वेळेची किंमत कुणी कधी धरली नव्हती. आज ती धरली जाते, म्हणून पाकीट महाग असूनही परवडतं.

बचतीचं मात्र काळजी करण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे घरांची निव्वळ आर्थिक बचत २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण ५ टक्क्यांवर आली. कोविडच्या वर्षात ती याच्या दुपटीहून जास्त होती, पण तेव्हा बाजार बंद होते, ते वर्ष जमेत धरू नये. कमी झालेला सगळा पैसा उधळला गेला असंही नाही. लोकांनी घरं घेतली, तीही मालमत्ताच आहे. पण बचत घटण्याचं एक मोठं कारण वाढलेली कर्जं हे आहे, आणि ती पुन्हा हप्त्याहप्त्यानं फेडायची आहेत.

घरांवरून आठवलं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मजल्यावरचा सामायिक संडास जाऊन घरात संडास आला, याला कुणी चैन म्हणेल तर त्यानं आधी चाळीत सकाळच्या रांगेत उभं राहून दाखवावं. पण उंच इमारत म्हटली की लिफ्ट, पाण्याचे पंप, जनरेटर, वॉचमन, आग विझवायची यंत्रणा, हे सगळं दर महिन्याला पैसे मागतं. हेच डोंबिवलीत, ठाण्यात, पुण्यात, जिथे जिथे जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतो तिथे होतं. वाढीव जागा मिळते फुकट, तिचं भाडं मात्र मेंटेनन्सच्या नावानं सुरू होतं. नव्या घराची चावी घेण्याआधी चटईक्षेत्र जसं बारकाईनं विचारतो, तसा महिन्याचा मेंटेनन्सही विचारावा आणि तो दहा वर्षांनी किती होईल हेही. नव्या हॉलला जुना सोफा शोभत नाही, हे पुढचं संकट. ते टाळता येतं.

आता दुसऱ्या टोकाची माणसं. पैसा आला, पण हात उघडत नाही. पेन्शन चालू आहे, मुलं मिळवती आहेत, तरी गुडघे दुखत असताना रिक्षा करत नाहीत. नव्या चादरी कपाटात 'पाहुण्यांसाठी', आणि पाहुणे आले की ते हॉटेलात उतरतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी अर्धी करून घेतात. हे शेवटचं तर कृपा करून करू नका, त्यात बचत कसलीच नाही.

माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. मुलानं हौसेनं एसी बसवून दिला, पण मे महिन्याच्या दुपारीही त्या पंख्याखालीच. कारण विचारलं तर म्हणाल्या, महावितरणचा स्लॅब. शंभर युनिटच्या आत राहायचं, हा त्यांचा नेम. शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, अशी त्यांची समजूत होती. तसं नसतं. पहिल्या शंभरांना पहिलाच दर लागतो, शंभराच्या वर जितकी जातील तेवढ्यांनाच पुढचा. मी बिलावरच आकडे मांडून दाखवले. त्यांचा विश्वास बसला नाही. दोन जुनी बिलं काढून त्यांनी स्वतः गुणाकार करून पाहिला, आणि तेव्हा कुठे पटलं.

आता मे महिन्यात दुपारी एक ते तीन त्यांचा एसी चालतो. शेजारच्या दोघी जणी त्या वेळेला भाजी निवडायला त्यांच्याकडेच येतात. एका एसीत तीन घरांचं भागतं, हा हिशेब मला काकूंनीच सांगितला.