कामाच्या जागी आपल्या भगिनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याच जिल्ह्यातील मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा प्रश्न शिक्षणाचा होता. आज आपल्या लेकीसुना बँकेत, कचेरीत जातात. काजूच्या कारखान्यात तर सोलण्या-निवडण्याचे काम बहुतेक बायकांच्याच हातचे. आता प्रश्न आहे तो तेथे मिळणाऱ्या वागणुकीचा.

कायदे पुष्कळ झाले. समान वेतनाचा १९७६ साली झाला. २०१७ साली पन्नास माणसांच्या कामाच्या जागी पाळणाघर सक्तीचे झाले. २०१३ च्या कायद्याने, जेथे दहा माणसे कामाला आहेत तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवीच. पण समितीचा कागद भिंतीवर लावला म्हणजे झाले, असे नव्हे. जिचे हातावर पोट आहे ती मालकाच्याच माणसांपुढे तोंड कसे उघडील? म्हणून तर या समितीत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. माणसे दहाहून कमी असली, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार मात्र लेखी, आणि तीन महिन्यांच्या आत करावी.

ती बाहेरची व्यक्ती आपल्या मंडळातून का मिळू नये? दोघीतिघींनी कायदा नीट वाचावा आणि गावातल्या कारखान्यांना तसे पत्र घालावे. हळदीकुंकवाला काजू सोलणाऱ्या भगिनींनाही अगत्याने बोलवावे. ओळख असली की मन मोकळे होते. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत एवढे झाले तरी पुष्कळ झाले.