तळ्याचा काठ

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. बंगळूर परिसरातील बहुतेक तळी निसर्गदत्त नव्हेत. पूर्वजांनी ओढ्यांना बांध घालून ती शेतीसाठी निर्माण केली. अशा तळ्यावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्याने प्रथम काठ न्याहाळावा. खोल पाण्यात टिबुकली बुड्या मारते, वारकरी पोहतो. परंतु शेकाट्याला आणि हिवाळी पाहुणा असलेल्या तुतवाराला उथळ पाणी व उघडा चिखल हवा असतो. गाळ उपसून चहूकडे दगडी भिंत बांधली की पाणी वाढते आणि हे पक्षी दिसेनासे होतात. यालाच सुशोभन म्हणण्याची प्रथा आहे! याउलट भीमेवरील उजनी जलाशय पाहावा. उन्हाळ्यात पाणी ओसरते, भिगवणजवळ दलदल उघडी पडते आणि तेथेच रोहित पक्षी चरतात.

झफर फतेहअली यांनी सुरू केलेली पक्षिनिरीक्षकांची पत्रिका पुढे बंगळूरहून निघू लागली. परसातल्या दयाळाविषयीच्या हौशी माणसांच्या साध्या टिपणांनाही तीत स्थान होते. तशीच वही बोम्मसंद्र्याच्या तळ्यावर ठेवता येईल. मात्र तीत पक्ष्यांच्या संख्येशेजारी त्या दिवशी किती चिखल उघडा होता, हेही लिहावे.