स्वायत्तता आणि नोंदणी

निकाराग्वाची सत्ता पॅसिफिकच्या बाजूला, मानाग्वा शहरात. मिस्किटो लोक राहतात ते पूर्वेला, कॅरिबियन किनाऱ्यावर. हा मुलूख 1894 मध्ये सैन्य पाठवून देशाला जोडला गेला. त्यांची भाषा वेगळी, जमीन गावाच्या सामायिक मालकीची.

1979 ची सांदिनिस्ता क्रांती गरिबांची होती, असे मी मानतो. म्हणून पुढचा प्रकार मला अधिक लागतो. 1982 च्या सुरुवातीला, बंडखोरांशी चाललेल्या युद्धाचे कारण पुढे करून, क्रांतीनंतरच्या सरकारने कोको नदीकाठची मिस्किटो गावे रिकामी केली. घरे जाळली, सुमारे 8,500 माणसे आतल्या वसाहतींत नेली. हजारो लोक नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेले, तरुणांनी बंदुका उचलल्या. त्या लढ्यातूनच 1987 मध्ये स्वायत्ततेचा कायदा आला. त्याच वर्षी यातामा ही संघटना उभी राहिली; ब्रुकलिन रिवेरा तिचे प्रमुख नेते. कायद्याने किनाऱ्यावर दोन स्वायत्त प्रांत झाले, प्रत्येकाला निवडून आलेली परिषद मिळाली.

आता 2000 सालाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. यातामाचे उमेदवार गावसभेत ठरत. नागरिकांच्या सह्या गोळा करून निवडणूक लढवण्याची मुभा जुन्या निवडणूक कायद्यात होती, तिच्यावर यातामाचे भागत होते. नव्या कायद्याने ती वाट बंद केली. निवडणूक लढवायची तर राजकीय पक्ष व्हा, आणि प्रांतातल्या 80 टक्के नगरपालिकांत उमेदवार उभे करा! ज्या नगरपालिकांत आपली वस्तीच नाही, तिथे मिस्किटोंनी उमेदवार कुठून आणायचे? यातामाने पक्ष म्हणून नोंदणीही केली, तरी नोव्हेंबरच्या नगरपालिका निवडणुकीतून तिला वगळले गेले.

रिवेरा आणि सहकारी थांबले नाहीत. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले. 23 जून 2005 चा निकाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. मूळनिवासींवर त्यांच्या रीतीला परके असलेले पक्षाचे रूप लादणे म्हणजे त्यांचा राजकीय सहभागाचा हक्क नाकारणे, असे न्यायालयाने म्हटले आणि निवडणूक कायदा सुधारायला सांगितले. माझ्या मते स्वायत्ततेचा गाभा इथेच आहे. परिषद तुमची, पण तिच्यात बसण्याची पात्रता ठरवणार राजधानी, तर ती स्वायत्तता राजधानीच्या मर्जीवर चालते.

मधल्या काळात यातामाने सांदिनिस्ता नेते ओर्तेगा यांच्या पक्षाशी युती केली, ती मोडली. सामायिक जमिनींवर बाहेरच्या वसाहतकऱ्यांचे अतिक्रमण वाढतच राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये रिवेरांना अटक झाली. त्यांना कुठे ठेवले, हे कुटुंबालाही सांगितले गेले नाही. काही दिवसांतच निवडणूक मंडळाने यातामाची मान्यता काढून घेतली, आणि मार्च 2024 मधली प्रांतिक निवडणूक तिच्याविनाच झाली. हे न्यायालय ज्या व्यवस्थेचे, त्या अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेतूनही निकाराग्वा तोवर बाहेर पडला होता. मात्र त्यामुळे 2005 चा निकाल रद्द होत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांच्या हाती आज तेवढा लेखी आधार आहे, आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने तो पुढे ठेवला पाहिजे.